स्कॅनमध्ये काय दिसतं आणि काय दिसत नाही

1906 साली अलोइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शेवटच्या काही वर्षांत ती स्वतःचं नावही धड लिहू शकत नव्हती. त्या कापांत अल्झायमर यांना पेशींबाहेर साचलेला गाळ आणि पेशींच्या आत पिळवटलेले धागे दिसले. स्मृती कुठे आणि कशी हरवली याचा पुरावा हाती आला होता. 1910 साली त्या आजाराला अल्झायमर यांचं नाव मिळालं. ते दिलं त्यांचे वरिष्ठ, म्युनिकच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख एमिल क्रेपेलिन यांनी.

क्रेपेलिन यांना आणखी एका आजाराचं मूळ हवं होतं. तो ऐन तारुण्यात गाठतो. शिकणारा, मित्रांत रमणारा मुलगा हळूहळू खोलीबाहेर यायचा थांबतो. आंघोळ, जेवण, अभ्यास सगळ्यातून त्याचं मन उठतं. शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत अशी त्याची खात्री पटते आणि आसपास कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात. क्रेपेलिन यांनी या आजाराला ‘डिमेन्शिया प्रिकॉक्स’ म्हटलं. 1908 साली स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्याला आजचं नाव दिलं, स्किझोफ्रेनिया. याचंही मूळ मेंदूतच सापडेल याबद्दल क्रेपेलिन यांना शंका नव्हती. त्यांच्या हाताशी अल्झायमर होते, पेशी रंगवून पाहण्यात तरबेज असलेले फ्रान्झ निसल होते. तरीही या आजाराची खूण म्हणून बोट ठेवता येईल असं काही त्यांना सापडलं नाही.

खूण सापडली नाही याची किंमत घराघरांनी मोजली. 1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषकांनी आईच्या वागण्याकडे बोट दाखवलं, आणि पुढची दोन-तीन दशकं पाश्चात्त्य देशांतल्या कितीतरी आया मुलाच्या आजाराचा दोष स्वतःच्या माथ्यावर घेऊन जगल्या. आपल्याकडे हाच दोष करणीवर, बाहेरच्या बाधेवर, नाहीतर मुलाच्या आळसावर गेला आणि ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा उपाय ठरला.

म्हणून या प्रकरणात दोन गोष्टी बरोबरीने लक्षात ठेवायच्या आहेत. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या रचनेत फरक असतो, हे आता पक्कं ठाऊक झालं आहे. आणि त्या फरकावरून कोणा एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, हेही तितकंच पक्कं आहे. पहिली गोष्ट विसरली की दोष घरच्यांवर येतो. दुसरी विसरली की शिक्का त्या माणसावर बसतो.

मोठ्या झालेल्या पोकळ्या

आपल्या मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. कवटीच्या आतली जागा ठरलेली असल्यामुळे भोवतालचा मेंदू कमी भरला की पोकळ्या मोठ्या दिसतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या पाहण्याचा मार्ग फार क्लेशाचा होता. पाठीच्या कण्यातून द्रव काढायचा, त्या जागी हवा सोडायची आणि डोक्याचा एक्स-रे घ्यायचा. रुग्णाचं डोकं त्यानंतर कित्येक तास ठणकायचं. या पद्धतीने जर्मनीत 1927 साली स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत पोकळ्या मोठ्या असल्याचं नोंदवलं गेलं. पण निरोगी माणसाला असा त्रास देऊन तुलना कोण करणार? निष्कर्ष अधांतरीच राहिला.

1971 साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन काढला आणि कवटी न उघडता आत डोकावता येऊ लागलं. त्यानंतर पाच वर्षांनी, 1976 मध्ये, लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातल्या ईव्ह जॉन्स्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ आजारी असलेल्या 17 रुग्णांचे स्कॅन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मेंदूतल्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा स्पष्टपणे मोठ्या होत्या. स्किझोफ्रेनियात मेंदूची रचना अगदी शाबूत असते, ही समजूत तिथून ढासळू लागली.

शंका मात्र उरली होती. माणसामाणसांचे मेंदू मुळातच वेगळे असतात. मग हा फरक आजाराचा कशावरून? याचं उत्तर 1990 साली अमेरिकेत मिळालं. रिचर्ड सडाथ, डॅनियल वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्यांचे असे 15 जोड शोधले की ज्यांत एकाला आजार होता आणि दुसरा निरोगी होता. अशा भावंडांचा जनुकीय वारसा जवळजवळ सारखा असतो. तरीही 15 पैकी 12 जोडांत नुसतं एमआरआयचं चित्र पाहून यातला आजारी कोण हे ओळखता आलं. 14 जोडांत आजारी भावंडाचा डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस पुढच्या भागात लहान होता. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला, नव्या आठवणी घडवणारा भाग.

या प्रयोगातला बारकावा ध्यानात घ्यायला हवा. आजारी भावंडाचा मेंदू ओळखता आला तो शेजारी त्याच्याच जुळ्याचा मेंदू होता म्हणून. त्यांतली अनेक चित्रं एकटी पाहिली असती तर ती सर्वसाधारणच वाटली असती. शिवाय जनुकं सारखी असूनही एक जण निरोगी राहिला, म्हणजे वारशाखेरीज आणखीही काही घडत असतं, हेही त्याच 15 जोडांनी दाखवून दिलं.

हजारो मेंदूंची बेरीज

एकेका रुग्णालयातले 20-30 स्कॅन अनेकदा परस्परविरोधी निष्कर्ष देत. मग जगभरच्या संशोधकांनी आपापले स्कॅन एकाच पद्धतीने मोजून एकत्र आणले. ‘एनिग्मा’ नावाच्या या सहकार्यातून 2016 साली 2,028 रुग्ण आणि 2,540 निरोगी व्यक्तींची तुलना प्रसिद्ध झाली. रुग्णांत हिप्पोकॅम्पस, भीती व भावनांशी निगडित अमिग्डाला आणि ज्ञानेंद्रियांकडून येणारे संदेश पुढे पोचवणारा थॅलॅमस सरासरीने लहान होते. पोकळ्या मोठ्या होत्या. 2018 साली 4,474 रुग्णांच्या स्कॅनवरून दिसलं की मेंदूचं बाहेरचं आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, जवळजवळ सर्वत्र किंचित पातळ असतं आणि कपाळामागच्या व कानशिलाजवळच्या भागांत हा फरक अधिक असतो.

‘सरासरीने’ आणि ‘किंचित’ हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. सर्वांत ठळक फरकांपैकी एक हिप्पोकॅम्पसचा. संशोधकांनी दिलेल्या आकड्याचा सोपा अर्थ असा: 100 रुग्ण घेतले तर साधारण 68 जणांचा हिप्पोकॅम्पस निरोगी लोकांच्या सरासरीपेक्षा लहान असेल. पण 100 निरोगी माणसं घेतली तर त्यांतल्याही 50 जणांचा त्या सरासरीपेक्षा लहानच असणार, कारण सरासरीच्या खाली निम्मे लोक असतातच. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकच स्कॅन हातात देऊन ‘हा आजारी की निरोगी’ असं विचारलं तर निष्णात डॉक्टरलाही सांगता येणार नाही.

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी हाच प्रश्न उलट बाजूने तपासला. वयानुसार निरोगी मेंदूची अपेक्षित मापं ठरवून प्रत्येक रुग्ण त्यापासून नेमका कुठे दूर जातो, हे त्यांनी पाहिलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं की मोठा फरक ज्या जागी आहे ती जागा जवळजवळ प्रत्येक रुग्णात वेगळी. दोन टक्क्यांहून अधिक रुग्णांत एकच जागा बिघडलेली आहे, असे बिंदू अगदी थोडे सापडले. म्हणजे ‘स्किझोफ्रेनियाचा मेंदू’ अशी एकच ठरावीक आकृती नाही. एका नावाखाली अनेक वाटांनी आलेली माणसं आहेत.

काही फरक विशिष्ट लक्षणांशीही जोडता येतात. मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या आतल्या बाजूला, पुढच्या भागात पॅरासिंग्युलेट नावाची घडी असते. ती जन्माच्या थोडं आधी आकार घेते. मनात आलेलं आणि खरोखर बाहेरून ऐकलेलं यांतला फरक ओळखण्याच्या कामाशी हा भाग निगडित आहे. केंब्रिजमधल्या संशोधकांनी 2015 साली 113 रुग्णांचे स्कॅन तपासले, तेव्हा ही घडी एक सेंटिमीटरने आखूड असेल तर भास होण्याची शक्यता सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेली आढळली. निरोगी माणसांतही ही घडी कमी-जास्त लांबीची असते, काहींत ती ठळक नसतेच. पण ‘ऐकू येतं’ म्हणणारा माणूस ढोंग करत नाही, स्वतःचाच विचार त्याच्यापर्यंत परक्याचा आवाज होऊन पोचतो, हे समजून घ्यायला हा शोध फार मोलाचा आहे.

कमी होतं ते नेमकं काय?

मेंदू लहान दिसतो म्हणजे पेशी मरतात का? अल्झायमरच्या आजारात चेतापेशी मरतात. पेशी मेल्या किंवा मेंदूला इजा झाली की आधार देणाऱ्या ग्लिया पेशी तिथे जमतात आणि व्रण मागे राहतो. मृत्यूनंतर तपासलेल्या स्किझोफ्रेनियाच्या मेंदूंत असे व्रण सहसा सापडत नाहीत. उलट येल विद्यापीठातल्या लिन सेलेमन आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांना 1990च्या दशकात दिसलं की कपाळामागच्या कॉर्टेक्समध्ये चेतापेशी एकमेकींच्या अधिक जवळ दाटलेल्या आहेत. पेशी होत्या, पेशींमधलं जाळं विरळ झालं होतं. एका पेशीचा निरोप दुसरीकडे जिथे पोचतो त्या सिनॅप्स नावाच्या जोडण्या आणि त्या जिथे बसतात ते बारीक काटे कमी होते.

म्युनिकमध्ये काही का सापडलं नसावं याचा उलगडा इथे होतो. साचलेला गाळ आणि मेलेल्या पेशी शोधणाऱ्या नजरेला विरळ झालेल्या जोडण्या दिसणं अवघडच होतं.

जोडण्या कमी होणं हे मुळात निरोगी वाढीचं लक्षण आहे. बालपणी मेंदू गरजेपेक्षा कितीतरी जास्त सिनॅप्स तयार करतो आणि किशोरवयात त्यांतल्या कमी वापराच्या काढून टाकतो. ही छाटणी कपाळामागच्या भागात सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत चालते. स्किझोफ्रेनिया सुरू होण्याचं नेहमीचं वयही तेच. 1982 साली आयर्विन फाइनबर्ग यांनी याच छाटणीत काहीतरी बिघडत असावं असा तर्क मांडला. 2016 मध्ये हार्वर्डमधल्या स्टीव्हन मॅकॅरोल आणि बेथ स्टीव्हन्स यांच्या गटांनी त्याला जनुकीय आधार दिला. शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेत ‘सी-फोर’ नावाचं प्रथिन असतं. त्याचा ‘ए’ प्रकार ज्यांच्या मेंदूत अधिक तयार होतो, त्यांना आजाराचा धोका थोडा जास्त असतो. उंदरांत हे प्रथिन कोणत्या सिनॅप्स काढून टाकायच्या त्यावर खूण करण्यात भाग घेतं, असंही त्यांना दिसलं. हे शेकडो जनुकीय घटकांपैकी एक आहे आणि एकट्याने आजार घडवत नाही. पण रोगप्रतिकार यंत्रणा, किशोरवय आणि विरळ झालेलं जाळं या तीन दूरच्या गोष्टी त्यामुळे एका धाग्यात आल्या.

काही मुळं याहूनही मागे, गर्भाशयात जातात. 1944-45च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली आणि भीषण उपासमार झाली. त्या काळात, उपासमार टोकाला असताना ज्यांची गर्भधारणा झाली त्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. बाळंतपणातली गुंतागुंत, बाळाला प्राणवायू कमी पडणं यांनीही धोका वाढतो. म्हणजे विशीत दिसणाऱ्या आजाराची सुरुवात वीस वर्षं आधी झालेली असू शकते. वाइनबर्गर यांनी 1987 साली हीच मांडणी केली: स्किझोफ्रेनिया हा मेंदूच्या वाढीचा आजार आहे.

आजार होण्याआधीची वर्षं

वाढीचा आजार असेल तर पहिल्या झटक्याआधीही मेंदूत काही दिसायला हवं. 1990च्या दशकात दोन ठिकाणी याचा पद्धतशीर शोध सुरू झाला. एडिनबरामध्ये जॉन्स्टन आणि स्टीफन लॉरी यांनी घरात एकाहून अधिक जवळच्या नातलगांना आजार असलेली, पण स्वतः निरोगी असलेली 16 ते 25 वर्षांची मुलंमुली वर्षानुवर्षं तपासली. त्यांच्या अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसचं माप निरोगी गट आणि रुग्ण यांच्या मधोमध होतं. आजार न होताही वारशाची छाया मेंदूच्या रचनेत असू शकते, असा त्याचा अर्थ.

मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅगॉरी आणि अ‍ॅलिसन युंग यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी पुसट लक्षणं असलेल्या तरुणांसाठी दवाखाना काढला. अशा मुलाला वाटतं की लोक आपल्याविषयी बोलताहेत, पण ‘बहुधा माझाच ग्रह असेल’ असंही तो म्हणतो. कोणीतरी हाक मारल्यासारखं होतं, पण तो भास असावा हे त्याला कळतं. काहींना एखादा छोटा झटका येऊन आठवड्याच्या आत आपोआप निवळतो. काहींच्या घरात आजार असतो आणि अभ्यास, कामधाम अचानक खालावतं. 2003 साली क्रिस्टोस पँटेलिस यांनी तिथल्या 75 जणांचे स्कॅन प्रसिद्ध केले. त्यांतल्या 23 जणांना पुढे सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांत वास्तवाचं भान सुटण्याची अवस्था, झाला, 52 जणांना झाला नाही. ज्यांना झाला त्यांच्या कानशिलाच्या आणि कपाळामागच्या काही भागांत चेतापेशींचा करडा थर आधीपासूनच कमी होता, आणि आजार उमटत असताना तो आणखी घटला.

यावरून स्कॅन काढून आधीच कळेल, असं वाटू लागलं. 2021 साली एनिग्मा सहकार्याने धोका असलेल्या 1,792 तरुणांचे स्कॅन एकत्र केले. त्यांतल्या 253 जणांना पुढे सायकोसिस झाल्याची नोंद होती. कॉर्टेक्स पातळ असल्याचं गटाच्या पातळीवर पुन्हा दिसलं, पण फरक फार बारीक होते. एकेका मुलाविषयी काही ठरवायला ते पुरेसे नव्हते. आणि अशा दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुलांना तीन वर्षांतही सायकोसिस होत नाही. कोणाची चिंता निवळते, कोणाचं नैराश्य उपचाराने बरं होतं, कोणी पुन्हा कॉलेजात रुळतो. ‘धोका’ म्हणजे निकाल नव्हे, हे या सगळ्या आकड्यांतून पुन्हा पुन्हा सिद्ध होतं.

औषधांचा वाटा

शुभंकरांच्या, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या गटांत एक प्रश्न हमखास निघतो: मेंदू औषधांमुळे तर लहान होत नाही ना? प्रश्न रास्त आहे. आयोवातल्या बेंग-चून हो आणि नॅन्सी अँड्रियासन यांनी 2011 साली 211 रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या स्कॅनवरून दाखवलं की ज्यांना जास्त औषध मिळालं त्यांचा करडा भाग थोडा अधिक घटला. निरोगी माकडांना दीड-दोन वर्षं अशी औषधं दिल्यावर त्यांच्या मेंदूचं वजन सुमारे 8 ते 11 टक्के कमी भरल्याचंही 2005 साली प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे औषधांचा काही वाटा असू शकतो. पण औषधाची एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांतही रचनेतले फरक आढळतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही असे अभ्यास झाले आहेत. सगळा दोष गोळ्यांवर टाकता येत नाही.

आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहायलाच हवं. अनेक चाचण्यांची बेरीज करून 2012 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात औषध चालू असणाऱ्यांपैकी 27 टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, औषध थांबवलेल्यांत हे प्रमाण 64 टक्के होतं. प्रत्येक उलटलेला झटका नोकरी, नाती आणि आत्मविश्वास हिरावून नेतो. म्हणून निष्कर्ष इतकाच, की डॉक्टरांनी पुरेशा पण कमीत कमी मात्रेत औषध द्यावं, वेळोवेळी फेरविचार करावा, आणि घरच्यांनी गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

मग एमआरआय काढायचा का?

पहिल्यांदा लक्षणं दिसली की डॉक्टर अनेकदा स्कॅन सांगतात, आणि ते योग्यच आहे. मेंदूतली गाठ, जंतुसंसर्ग, अपस्मार यांतूनही भास आणि भ्रम होऊ शकतात. असं काही कारण आहे का, हे तपासायला स्कॅनची मदत होते. पण रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे आजार नाही, असं समजून उपचार टाळणं घातक ठरतं. रिपोर्ट सर्वसाधारण असणं हेच या आजारात नेहमीचं आहे. निदान होतं ते रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलून, लक्षणांचा इतिहास जोडून. त्याचप्रमाणे आजारी माणसाच्या निरोगी भावाचा किंवा बहिणीचा स्कॅन ‘पुढे काही होईल का’ हे पाहायला काढणं व्यर्थ आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असला तरी 10 पैकी साधारण 9 मुलांना तो होत नाही.

खरा उपयोग मेंदूच्या या सगळ्या अभ्यासाने दाखवलेल्या वेळापत्रकाचा आहे. आजार वर्षानुवर्षं घडत येतो, आणि पहिल्या झटक्यानंतर उपचाराविना जितका काळ जातो तितकं पुढचं सावरणं कठीण होतं. दहावी-बारावीनंतर मुलगा एकाएकी तुटत चालला, झोप उडाली, विनाकारण संशय घेऊ लागला, तर ‘वय आहे, निवळेल’ म्हणत दोन वर्षं घालवू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं, जवळ कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक कुठूनही लावता येतो. लक्षणं पुसट असतील तर लगेच सायकोसिसची औषधं द्यावी लागतात असं नाही. समुपदेशन, नीट झोप, नैराश्यावर उपचार आणि गांजापासून कटाक्षाने दूर राहणं यांनीच सुरुवात होते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2004च्या ‘देवराई’ चित्रपटाने हा आजार मराठी घराच्या ओसरीत आणला, आणि त्या घरातल्या बहिणीची ओढाताणही. अशा प्रत्येक बहिणीला, आईला, वडिलांना विज्ञान आज ठामपणे सांगू शकतं की हा आजार तुमच्या वागण्याने झालेला नाही. आणि तितक्याच ठामपणे ते शुभार्थीला, म्हणजे आजाराशी झुंजणाऱ्याला सांगू शकतं की कुठल्याही स्कॅनवर तुझं पुढचं आयुष्य लिहिलेलं नाही. ते घडवण्यात वेळेवर मिळालेले उपचार, घराची साथ आणि हाताला काम यांचा वाटा फार मोठा आहे, आणि या तिन्ही गोष्टी आपल्याला देता येण्यासारख्या आहेत.